कृपा नको, हक्क हवा. आणि हक्काबरोबर मैत्री



मी आपणांपुढे मोठा सिद्धान्त मांडण्यास उभा नाही. कोल्हापुरातील एका वस्तीत सायंकाळचा साक्षरता वर्ग चालविताना आणि लोकांचे अर्ज लिहून देताना मला जे शिकावे लागले, तेवढेच सांगणार आहे.

एकदा एका वृद्ध मातेचा पेन्शनचा अर्ज मी लिहीत होतो. "मज गरीब, अनाथ बाईवर कृपा व्हावी," असे सरावाने लिहून मी तो वाचून दाखविला. माता म्हणाली, "लेकरा, ह्यो हक्क हाय न्हवं? मग ह्यात कृपा कशाला लिवलीस?"

मी निरुत्तर झालो. जोहार आपण सोडला, 'जय भीम' म्हणू लागलो. परंतु माझी लेखणी अजून जोहारच घालीत होती! मी तो कागद फाडला आणि तिच्याच शब्दांत अर्ज लिहिला. सेवा करणाऱ्याने दुसऱ्याच्या तोंडी आपली भाषा घालू नये, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

हा धडा कोल्हापूरला नवा नाही. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी पहिला अंक निघाला. पैसा महाराजांचा होता; वाणी मात्र मुक्यांचीच राहिली. गंगाराम कांबळे यांनी पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढण्यास मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. नुसते भांडवल दिले असते तर ते दान ठरले असते. त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून त्याला समतेचे मोल आले.

पण एका राजाच्या चांगुलपणावर समाज किती दिवस जगणार? म्हणून २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. पुढे बाबासाहेबांनी हक्कांना संविधानाचा आधार दिला. चांगुलपणा कायद्यात उतरला म्हणजेच तो टिकतो.

मग माणसावरील श्रद्धा व्यर्थ आहे काय? नाही. त्या मातेबरोबर मी कचेरीत गेलो तो भांडणाच्या तयारीनेच. अंगठ्याऐवजी सही करीन, असा तिचा हट्ट होता. कचेरी बंद होण्याची वेळ टळली, तरी तिची तीन अक्षरे पुरी होईनात. कारकून आपल्या समाजाचा नव्हता. तो हसला नाही, रागावला नाही, आपली खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बसा आई, सावकाश लिहा." त्या 'लिहा' शब्दाने माझ्या मनातील भांडण विरून गेले आणि मलाच माझी लाज वाटली. ज्याला न ओळखताच मी शत्रू ठरविले होते, तो माणूस निघाला.

तथागतांनी अंगुलिमालातही माणूस पाहिला. ती भोळी आशा नव्हती; माणूस बदलू शकतो, हे ज्ञान होते. हक्कासाठी ताठ उभे राहावे आणि समोरच्याविषयी मनात मैत्री ठेवावी, ह्या दोहोंत विरोध नाही.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना माझी एकच विनंती आहे. आज रात्री वंदना झाल्यावर तिचा अर्थ मुलांना मराठीत सांगा. आणि घरात कोणी अंगठा उठवीत असेल, तर त्याच्या हाती पाटी द्या. त्याचे नाव त्यालाच लिहू द्या.

जय भीम!