बांधावरचे गवत आणि कापणीचा माणूस



आज बोलायचे आहे गवताविषयी. तुम्ही म्हणाल, गवतात काय सांगायचे? ते आपोआप उगवते. उगवते खरे, पण राखले नाही तर चांगले गवत हटते आणि त्याच्या जागी कुसळी, तरवड, गाजरगवत येते. मग बांध हिरवा दिसतो, पण जनावर तोंड लावीत नाही.

आपल्या जालना जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२-१३ चाही पाहिला. मोसंबीच्या बागा जळाल्या, आणि दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात गेली. एका मध्यम बैलाला किंवा गाईला दिवसाला सहा ते आठ किलो वाळली वैरण लागते. चैत्र-वैशाखात ती विकत घ्यायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता खरी अडचण पाहा. मारवेल, पवन्या, शेडा ही आपल्याकडची चांगली गवते भाद्रपद-आश्विनात फुलावर येतात. कापणीची वेळ तीच. त्या वेळी गवतात कस असतो. पुढे बी झडले, काडी पिवळी पडली की प्रथिने निम्म्याच्याही खाली जातात. कुसळीचे तर कुसळ पिकले की जनावराच्या तोंडाला जखमा होतात. पण नेमके तेव्हाच सोयाबीन काढणीला येते, कापूस फुटू लागतो. माणूस मिळत नाही. पुढे पुष्कळ कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जातात. मग गवत राहते ते दिवाळीनंतर, आणि आपण काडी घरी आणतो.

म्हणून गवताचा माणूस पोळ्याच्या सुमारासच ठरवा, आणि तो गावातलाच बघा. बाहेरच्या टोळीला तुमचा बांध कुठे संपतो आणि शेजाऱ्याचा कुठे सुरू होतो, हे कळत नाही. गावातला माणूस जाता-येता फुलोरा बघतो, आणि चार दिवस उघडीप मिळाली की विळा घेऊन येतो. पुन्हा पुढच्या वर्षी त्यालाही तुमच्याकडे यायचे असते, तुम्हालाही त्याच्याकडे जायचे असते.

बोलणी कशी करायची, यावर गवताचे पुढचे आयुष्य ठरते. पेंढीमागे पैसे ठरवले तर कापणारा मुळापासून खरवडतो, पेंढी बारीक बांधतो आणि भरीला कुसळीही घालतो. यात त्याचा दोष नाही, ठरावच तसा आहे. नुसत्या रोजावर काम लांबते. माझे मत असे, की बांध मोजून गुत्ते द्यावे, आणि त्यात एक अट पक्की करावी : जमिनीपासून चार बोटे खुंट ठेवायचा. नवा फुटवा त्या बुडख्यातूनच येतो. बुडखा खरवडला की ठोंब मरतो.

ज्याच्या दारी दोन शेळ्या किंवा एखादी गाय आहे, पण जमीन नाही, अशा घराला पैशापेक्षा वैरण मोलाची असते. तिथे निम्म्या वाट्याने द्या. वाटणी मात्र गवत वाळल्यावर, शेतातच, दोघांसमोर पेंढ्या मोजून करा. ओल्या भाऱ्याच्या अंदाजावरून हमखास भांडण होते. बायांना गड्यांपेक्षा कमी रोज देण्याची रीत अजून गावोगावी आहे. सारख्या कामाला सारखी मजुरी हा कायदा १९७६ साली झाला, आणि गवत कापायला बाईचा हात कुठेही मागे नाही. उचल देऊन कोणाला बांधून ठेवू नका. काम झाले की त्याच दिवशी पैसे हातावर ठेवा. पुढच्या भाद्रपदात माणूस मिळतो तो त्यामुळे.

आणखी एक. अलीकडे बांध साफ करायचा म्हणून मजुराच्या पाठीवर पंप देऊन तणनाशक मारतात. गाजरगवताबरोबर मारवेलही मरते, आणि पुढच्या मोठ्या पावसात बांधाची माती ओढ्याला जाते. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटून घ्या. मोकळ्या झालेल्या जागी पावसाळ्याच्या तोंडी मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब दीड-दीड फुटावर लावा.

दरवर्षी बांधाचा चौथा हिस्सा कापू नका. तिथे बी पिकून पडू द्या. पुढच्या वर्षी दुसरा हिस्सा सोडा. आणि पावसाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत बांधावर जनावर मोकळे सोडू नका. कोवळा कोंब खुडला आणि खुराने ओली माती दाबली, की मूळ धरत नाही. आपल्याच तालुक्यातल्या कडवंचीत १९९० च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. त्या कार्यक्रमात मोकळ्या चराईवर बंदी ही अटच होती, ती याच कारणाने.

कापलेले गवत दोन-तीन दिवस पातळ पसरून, उलटून-पालटून वाळवा. काडी वाकवली की मोडली पाहिजे. ओलसर गवताची गंजी आतून तापते, बुरशी धरते. गंजी दगडांवर लाकडे टाकून रचा, माथा उतरता ठेवा, आणि चुलीपासून व विजेच्या तारेपासून दूर, गोठ्याला न चिकटवता लावा.