टाळेबंदीतले आमचे घर

(कार्यकर्ता मेळाव्यात झालेल्या भाषणाचा लेखी भाग)



मला भाषणाची सवय नाही. अंगणवाडीत मुलांपुढे बोलते, तेवढेच. पण ताई म्हणाल्या, करोनाच्या काळात तुमच्या माळकऱ्याच्या घरात काय चालले होते, तेवढे सांगा. ते मला सांगता येईल.

आमचे गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात. आम्ही महादेव कोळी. घरात सहा माणसे: सासरे, आत्याबाई, आम्ही दोघे नवरा-बायको आणि दोन लेकरे. सासऱ्यांना सगळे गाव दादा म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवायची नाही, संध्याकाळी देवळात हरिपाठ. आषाढीला पायी वारी. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते, तिच्यात दादा सव्वीस वर्षे चालत होते.

२०२० साली मार्चमध्ये आश्रमशाळा बंद झाली आणि मुलगी पेटी घेऊन घरी आली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. २५ तारखेला गुढीपाडवा, आणि तोच टाळेबंदीचा पहिला दिवस. राजूरचा बाजार बंद, साखरेची गाठी आणायची कुठून? आत्याबाईंनी गुळाचा खडा दोऱ्यात बांधून गुढीला लावला. धाकटा म्हणाला, ही गाठी जास्त चांगली, लवकर खाता येते.

देवळाला कुलूप लागले. पहिले दोन दिवस दादा संध्याकाळी ओट्यावर नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाळ काढले आणि देवघरापुढे घोंगडी टाकली. म्हणाले, हरिपाठ लिहिणाऱ्या माउलींना देऊळ कुठे लागले होते? तेव्हापासून रोज दिवेलागणीला घरातच हरिपाठ. मृदंग देवळात अडकला, म्हणून धाकट्याने तेलाचा रिकामा डबा घेतला. लेकीला हरिपाठ पाठ नव्हता, तो पावसाळ्याआधी पाठ झाला. मी आणि आत्याबाई एरवी त्या वेळी चुलीपाशी असायचो. देवळात बायका मागे बसतात, त्याही सणावाराला. घरात मागे बसायला जागाच नव्हती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातात टाळ आले.

माझे काम मात्र बंद नव्हते. अंगणवाडीची मुले घरी होती, त्यांचा शिधा घरोघर पोहोचवायचा होता. त्यात पुढे घरोघरची विचारपूसही आली: ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरून कोण आले. दादांना दम्याचा त्रास. मी दिवसभर गावात फिरणार आणि त्याच घरात येणार, याची भीती मला जास्त होती. मग आत्याबाईंनी नियम घातला. न्हाणीपाशी बादली आणि साबण. मी आल्यावर आंघोळ करायची, लुगडे भिजत घालायचे, मगच उंबरा ओलांडायचा. हरिपाठाला मी दारापाशी बसायची, दादा देवघरापाशी. पूर्वीच्या बायका सोवळे पाळत, तसेच हे, फक्त कारण खरे. आत्याबाई हे हसत म्हणायच्या, पण नियम एक दिवसही सैल झाला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्या गावात हनुमान जयंतीला सप्ताहाचा काला असतो. त्यासाठी घरटी धान्य जमा होते. त्या वर्षीचे गहू, तांदूळ, डाळ आणि गूळ आमच्या घरी ठेवलेले होते. सप्ताह रद्द झाला. त्याच दिवसांत नारायणगावकडे मजुरीला गेलेली आमच्या खालच्या वाडीची ठाकर कुटुंबे चालत परत आली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. गावाने रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या. त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचे ठरले. शाळेत जागा होती, पाणी होते. पण खायचे काय? रेशनचे जादा धान्य जाहीर झाले होते, माणशी पाच किलो, पण ते डोंगरात पोहोचायला वेळ होता.

दादांनी सप्ताहाचे धान्य काढायचे म्हटले. काही जण दारात येऊन बोलले, "दादा, हे देवाचे आहे. महिन्यात सारे सुरळीत होईल, तेव्हा सप्ताह करू." कुणी म्हणाले, "आजार घेऊन आलेत, त्यांच्याजवळ जायचे कशाला?" त्यांचेही चूक नव्हते. भीती सगळ्यांनाच होती. आणि धान्य एकट्या दादांचे नव्हते, गावाचे होते.

दादांनी कुणाला दटावले नाही. ते म्हणाले, "काला म्हणजे काय? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करायच्या आणि सगळ्यांनी खायच्या. यंदा एकत्र बसता येत नाही, म्हणून शिदोरी पोहोचवायची. हनुमान जयंतीचा काला शाळेत होईल. ज्याला पटत नाही त्याने आपला वाटा मोजून न्यावा, माझा राग नाही."

वाटा न्यायला दोनच घरे आली. त्यातले एक घर चार दिवसांनी तेच धान्य आणि वर घरचे तांदूळ देऊन गेले.

मग चौदा दिवस आमच्या आणि शेजारच्या दोन चुलींवर स्वयंपाक झाला. शाळेच्या फाटकाजवळच्या दगडावर डबे ठेवायचे, हाक मारायची आणि मागे सरायचे. पलीकडून एक म्हातारी रोज ओरडून विचारायची, "पोरी, तू जेवलीस का?" त्या लोकांत कुणालाही आजार निघाला नाही. निघाला असता तरी डबा थांबला नसता, असे दादा म्हणतात.

आषाढी १ जुलैला होती. मानाच्या पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका मोजक्या माणसांसोबत एसटीने पंढरपूरला गेल्या. दादांनी त्या सकाळी पताका खांद्यावर घेऊन आमच्याच शेताच्या बांधावरून फेऱ्या घातल्या आणि मग भाताच्या लावणीला उतरले. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला असे सांगतात, ती गोष्ट त्यांनी मुलांना चिखलात उभे राहून सांगितली. डोळे भरले होते, हेही मी पाहिले. सव्वीस वर्षांचा नेम मोडणे सोपे नसते. दुपारी उपासाला आमच्याच उतारावरची वरई केली. शहरात तुम्ही तिला भगर म्हणता आणि एकादशीला खाता. ती पिकवणारा माणूस त्या दिवसांत काय खात होता, एवढा विचार तुम्ही करावा, म्हणून सांगते.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. दादा मास्क लावून पहिल्या दिवशी गेले. पण घरचा हरिपाठ आम्ही थांबवला नाही. आणखी एक राहिले आहे. आत्याबाई रोज भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ मडक्यात बाजूला काढतात. पावसाळ्यात ज्या घरात चूल पेटत नाही, तिथे ते जातात. वाडीतल्या सात घरांनी हे उचलले आहे.

आपण कार्यकर्ते गावात जातो तेव्हा योजना सांगतो, अर्ज भरून घेतो. ते केलेच पाहिजे. पण गावात आधीपासून काय आहे तेही विचारा. एखाद्या घरात सप्ताहाचे धान्य असते, एखाद्या घरात मुठीचे मडके असते. संकट आले की पहिला घास तिथूनच निघतो. सरकारचा आणि संस्थेचा ट्रक त्यानंतर येतो.