वेबसाइटचा सातबारा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फाउंड्रीची वेबसाइट बंद पडली. मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. संगणकाचं सगळं बघणारा मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर क्लिक केलं की दुवा जायचा कंपनीच्या मेलवर, आणि तो मेल त्याच वेबसाइटच्या नावावर चालणारा. नावाची मुदत संपली तसा मेलही थांबला. किल्ली घरात राहावी आणि लॅच लागावं, तशी गत.

वेबसाइटचा मजकूर पुन्हा लिहिता येतो. ती ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग, दुसरीकडे भाड्यानं मिळते. नाव मात्र एकच. या नावाची, म्हणजे डोमेनची, नोंद ज्याच्या नावावर, त्याचा सातबारा. इथं ती त्या मुलाच्या नावावर होती.

‘पळवलं त्यानं,’ असं ऑफिसात कुणीतरी म्हणालंच. मला ते अजिबात पटलं नाही. नोंद करताना ‘तू बघून घे रे’ म्हणणारे आपणच असतो. बाईंनी त्याला फोन लावला. खात्यावर मोबाइल नंबर त्याचा जुनाच होता. त्यानं लगेच ओटीपी सांगितला, आणि पाच मिनिटांत आम्ही आत! आधी पैसे भरून मुदत वाढवली, मग मालक म्हणून कंपनीचं नाव घातलं, मोबाइल बाईंचा दिला, आणि मेलचा पत्ता मुद्दाम वेगळ्या सेवेवरचा ठेवला. जुनी लॉगिनं त्यानंतर काढली.

माणूस सापडलाच नाही तर? डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेच्या शोधपानावर नाव टाकलं की नोंदणी कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि मुदत कधीची, हे कळतं. त्या रजिस्ट्रारला कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज करा. सोबत जीएसटी प्रमाणपत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडा. पावती कंपनीच्या नावाची असेल तर तुमची बाजू भक्कम होते. दिवस मात्र दवडू नका. ‘डॉट कॉम’ नाव रद्द झाल्यावर ३० दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.

आज शटर ओढण्याआधी डोमेनच्या खात्यात जाऊन बघा, मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते. काम सोडून गेलेल्या माणसाचं असेल, तर त्याला आजच फोन करा.