रेवसची लढाई आणि अकरा महाल

डोलवीच्या धक्क्याला आज पोलाद कारखान्याच्या मालाच्या बार्जेस लागतात. त्याच धरमतरच्या खाडीनं खाली गेलं की मुखाशी रेवस. तिथं कामार्ल्याच्या परिसरात 19 एप्रिल 1736 रोजी पेशवे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या फौजेनं जंजिऱ्याच्या सिद्दीचा सरदार सिद्दी सात याला लोळवलं. लढाई सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर पाच महिन्यांनी जो तह झाला, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

या वैराची सुरुवात एका हत्तीपासून झाली. सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी सातासाठी पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी हत्ती आणवत होते. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो अडकवून ठेवला. सिद्दीला वाटलं, यात स्वामींचंच अंग आहे. 1727 च्या महाशिवरात्रीला त्यानं स्वामींचं ठाणं असलेलं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवालय लुटलं, उद्ध्वस्त केलं. स्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तिथून त्यांनी सिद्दीच्या पारिपत्यासाठी पत्रांचा तगादा लावला. पेशवे त्यांचे शिष्य, वर कर्जदारही. गुरूचा शब्द एक वेळ मोडवेल, पण सावकाराचा?

देवळावरचा हल्ला अन्यायच होता, यात शंका नाही. पण अन्याय खरा असला म्हणजे त्याच्या नावानं पुढं घडणारं सगळं रास्त ठरतं, असं मला वाटत नाही. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटाकडे बघा. दसरा झाला की मोहीम निघायची आणि मिरगाच्या आत आटपायची. खारबांधाची डागडुजीही याच कोरड्या दिवसांतली. भरतीचं पाणी अडवायला घरटी एक माणूस यायचा, चिखल टाकून बांध उचलायचा, पाणी सोडायच्या उघाड्या नीट करायच्या. फौजेच्या धाकानं माणसं डोंगराकडे पळाली की बांधाला हात लावणार कोण? उधाणात खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि मग काही पावसाळे भाताचं नाव नको. देवळाच्या भांडणात या शेतकऱ्याचा दोष काय, हे कुठल्याच पत्रात विचारलेलं माझ्या वाचनात नाही.

रेवसच्या आधी 1733 मध्ये बाजीराव स्वतः जंजिऱ्यावर उतरले होते. रायगड मराठ्यांकडे परत आला, पण तो शाहूंच्या दरबारातल्या प्रतिनिधींनी मिळवल्यामुळे पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यात धुसफूस वाढली. ऑगस्टमध्ये मराठी आरमाराचे प्रमुख सेखोजी आंग्रे वारले आणि आरमाराचा आधार गेला. डिसेंबरात तह करून बाजीराव परतले. अंजनवेल-गोवळकोट राखून बसलेला सिद्दी सात काही त्या तहानं शांत झाला नाही. ज्याच्याशी खरं भांडण, तोच वाटाघाटीबाहेर राहिला, तर कागद टिकायचा कसा?

मग रेवस. शाहू महाराजांनी अप्पांचं तोंड भरून कौतुक केलं. आणि सप्टेंबरात जंजिऱ्याच्या सिद्दी अब्दुल रहमानशी ठरलं काय? अकरा महालांचा वसूल निम्मा मराठ्यांचा, निम्मा सिद्दीचा! उंदेरीचा किल्ला सिद्दीकडेच राहिला. अंजनवेल आणि परशुरामाच्या पायथ्याजवळचा गोवळकोटसुद्धा. ते घ्यायला 1745 साली तुळाजी आंग्र्यांना यावं लागलं. देवळासाठी लढाई आणि देवळाखालचा किल्ला शत्रूकडे! स्वामींना हे कितपत रुचलं असेल कोण जाणे.

कुणी म्हणेल, सिद्दी सात पडला म्हणून तर सिद्दी निम्म्यावर आले. त्यात तथ्य आहे. मीही ते नाकारत नाही. पण तह म्हणजे दुबळ्याची पळवाट, असं जे ऐकवलं जातं, त्याला रेवस हेच उत्तर आहे. निम्म्यावर राजी झाला तो जिंकलेला पक्ष. अप्पांना कळलं होतं, की जंजिरा पडणार नाही आणि दर हिवाळ्यात इथं फौज अडकवून ठेवणं परवडणार नाही. असंच 1966 च्या जानेवारीत ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींनी पाकिस्तानशी करार करून युद्धात जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यायचं मान्य केलं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेव्हा तिथंच होते. त्या निर्णयावर देशात टीकेची झोड उठली. मला विचाराल, तर तिथं सही करायला खिंड जिंकण्याहून अधिक धैर्य लागलं.

ज्या सिद्दीचा नायनाट करायची भाषा धावडशीहून चालली होती, त्याचं जंजिरा संस्थान पुढं 1948 पर्यंत मुरूडला नांदलं. पेशवाई 1818 मध्येच बुडाली होती. संस्थान अखेर भारतात विलीन झालं, तेही करारानं.