चौसष्टावा क्रमांक



डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये डार्ट्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रंगते. आज हा कार्यक्रम लावून बसलेल्या बहुतेकांनी ती पाहिलेली असणार. म्हणून बोर्ड कसा असतो, ५०१ वरून खाली कसं यायचं, शेवट डबलवरच का करायचा, हे सांगण्यात मी मिनिटं घालवत नाही. तिथले झगमगते दिवे, सामूहिक गाणी, सोंगं घेऊन आलेले प्रेक्षक, सगळं तुमच्या ओळखीचं आहे. ३ जानेवारी २०२५ ला ल्यूक लिटलर नावाचा १७ वर्षांचा मुलगा मायकेल व्हान गेर्वेनला ७-३ हरवून सर्वांत लहान विश्वविजेता झाला, हेही तुम्हाला पाठ आहे. माझं म्हणणं एवढंच, की तुम्हाला तेवढंच पाठ आहे.

रागावू नका, पण वर्षातले तीन आठवडे पाहून आपण या खेळाचे जाणकार होत नाही. मोसम त्या तीन आठवड्यांच्या बाहेर घडतो. त्याचा सर्वांत ताणलेला क्षण विजेत्याच्या हातात करंडक येतो तेव्हाचा नसतोच. क्रमवारीच्या यादीत चौसष्टावं नाव कोणाचं आणि पासष्टावं कोणाचं, हे ठरतं तो क्षण खरा.

चौसष्टच का, तर व्यावसायिक डार्ट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे पीडीसीच्या, मुख्य दौऱ्यावर १२८ जणांना खेळता येतं. या १२८ जणांकडे टूर कार्ड असतं आणि नव्याने मिळालेलं कार्ड दोन वर्षं चालतं. दोन वर्षं भरली, की जागतिक स्पर्धा संपताक्षणी यादी पाहिली जाते. पहिल्या चौसष्टांत असाल तर कार्ड राहिलं. पासष्टावे असाल तर कार्ड गेलं. कार्डाचं पहिलंच वर्ष चालू असलेल्याला अभय असतं, बाकीच्यांना नाही. चौसष्टाव्या आणि पासष्टाव्या खेळाडूच्या कमाईत फरक किती असू शकतो? एखाद्या छोट्या स्पर्धेत एक सामना जास्त जिंकल्याने जेवढे पैसे मिळतात, तेवढाच. डबलची पट्टी आठ मिलिमीटर रुंद असते. मार्चमधल्या एखाद्या दुपारी, कॅमेरा नाही, टाळी नाही, अशा हॉलमध्ये तुमचा बाण त्या पट्टीच्या तारेबाहेर पडतो आणि त्याचा हिशेब पुढच्या जानेवारीत होतो. म्हणून म्हणतो, चौसष्टाव्या नावावर लक्ष ठेवा.

आता ही यादी बनते कशी, ते पाहू. ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात तिला. इथे निवड समिती नसते. कोणाची शिफारस चालत नाही, नावाची पुण्याई चालत नाही. मागच्या दोन वर्षांत क्रमवारीच्या स्पर्धांत जिंकलेले पौंड मोजायचे, बस्स. ज्याचे पौंड जास्त, तो वर.

यातले ‘मागची दोन वर्षं’ हे शब्द नीट ऐका. आपल्याकडे जुन्या घरांत धान्याची कणगी असायची. वरून धान्य ओतायचं. तळाशी एक भोक, त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. धान्य हवं असलं की बोळा काढायचा. जे आधी भरलं तेच आधी बाहेर यायचं. डार्ट्समधली क्रमवारी ही अशी कणगी आहे. फरक इतकाच, की बोळा घरधन्याच्या हातात नसतो. दोन वर्षांपूर्वी ज्या आठवड्यात जे भरलं, ते त्याच स्पर्धेच्या सुमाराला आपोआप खाली गळून जातं. तुमची गरज असो वा नसो. वरून तेवढंच नवं ओतलंत तर पातळी राहील, नाहीतर कणगी रिकामी होत जाईल.

मायकेल स्मिथचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये तो विश्वविजेता झाला, अंतिम सामन्यात नऊ बाणांचा लेग फेकून. पाच लाख पौंड एका रात्रीत कणगीत पडले. केवढी रास! पण एकाच दिवशी ओतलेली रास एकाच दिवशी बाहेर येते. दोन वर्षांनी, २०२५ च्या स्पर्धेत, तो पहिल्याच सामन्यात केव्हिन डूट्सकडून हरला आणि ते पाच लाख यादीतून निघून गेले. विश्वविजेता राहिलेला माणूस पहिल्या सोळांतूनही बाहेर पडला. त्याचा हात रातोरात बिघडला, असं म्हणता येईल का? कणगीत एक मोठी रास होती, ती गेली, आणि खाली रोजचं पायली-पायलीने भरलेलं धान्य पुरेसं नव्हतं.

हे पायलीचं धान्य कुठून येतं? तुम्ही न पाहिलेला मोसम तो हाच. प्लेयर्स चॅम्पियनशिप नावाच्या एकेका दिवसाच्या स्पर्धा असतात. २०२५ मध्ये अशा ३४ झाल्या. विगन, लेस्टर, मिल्टन कीन्स, जर्मनीत हिल्डेसहाइम अशा ठिकाणी एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड लावलेले असतात. सकाळी १२८ जण उतरतात, रात्रीपर्यंत एक उरतो. सुरुवातीचे सामने अकरा लेगचे, जो आधी सहा घेईल तो पुढे. सलग सात सामने जिंकणाऱ्याला २०२५ मध्ये १५ हजार पौंड मिळत होते. आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला काय? काहीही नाही. शून्य. प्रवास त्याच्या खर्चाने, हॉटेल त्याच्या खर्चाने, आणि अर्ध्या तासात सामना संपला की हातात शून्य. कणगीत एक दाणा पडला नाही, उलट घरचं खाऊन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये पुढची स्पर्धा. पुन्हा उभं राहायचं. या दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहण्यालाच मी या खेळातलं खरं धैर्य मानतो.

जुलैमध्ये ब्लॅकपूलला विंटर गार्डन्समध्ये वर्ल्ड मॅचप्ले होते. तिथे ३२ जागा, त्यातल्या निम्म्या मुख्य क्रमवारीतून आणि निम्म्या याच हॉलमधल्या व युरोपीय दौऱ्यावरच्या वर्षभराच्या कमाईतून. नोव्हेंबरात माइनहेडला प्लेयर्स चॅम्पियनशिप फायनल्स होतात, तिथे फक्त हॉलमधल्या स्पर्धांच्या वर्षभराच्या कमाईतले पहिले चौसष्ट. जागतिक स्पर्धा आता १२८ जणांची झाली आहे: ४० मुख्य क्रमवारीतून, ४० दौऱ्याच्या क्रमवारीतून, ४८ जगभरच्या पात्रता स्पर्धांतून. म्हणजे दूरदर्शन संचावर तुम्हाला जे चेहरे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे त्या बिनप्रेक्षकांच्या हॉलमधली पायली असतेच.

एक अपवाद सांगतो, कारण त्यावरून फार गैरसमज होतो. फेब्रुवारी ते मे दर गुरुवारी प्रीमियर लीग चालते. आठ जण, तेही निमंत्रित. बक्षीस घसघशीत. पण ते पैसे क्रमवारीत धरत नाहीत. खिशात जातात, कणगीत पडत नाहीत. ग्लेन डरंटने २०२० मध्ये प्रीमियर लीग जिंकली. मोठा गुणी खेळाडू, दुसऱ्या संघटनेत तीनदा विश्वविजेता, २०१९ मध्ये पात्रता स्पर्धा खेळून टूर कार्ड मिळवलेला. पुढे त्याची लय हरवली. लीगच्या विजेतेपदाने त्याला क्रमवारीत काही आधार दिला नाही आणि २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. लीग पाहू नका असं मी म्हणत नाही, आवर्जून पाहा. पण लीगला मोसम समजू नका. मोसम पहिल्या आणि चौसष्टाव्या क्रमांकांच्या मधल्या माणसांचा असतो, आणि पासष्टाव्याचाही.

त्या पासष्टाव्याचं पुढे काय होतं? तो क्यू स्कूलला, म्हणजे कार्डासाठीच्या पात्रता स्पर्धेला, जातो. जागतिक स्पर्धा संपल्यावर लगेच जानेवारीत. ब्रिटनमधल्यांसाठी मिल्टन कीन्सला आणि युरोपातल्यांसाठी, गेली काही वर्षं, जर्मनीत काल्कारला. काल्कारला एक अणुवीज केंद्र बांधून झालं पण कधी सुरूच झालं नाही. तिथे आता मनोरंजन उद्यान आहे. त्या आवारात शेकडो माणसं आपापले बाण घेऊन जमतात. फी भरली की दार उघडं. इलेक्ट्रिशियन, ट्रकचालक, कॉलेजातली पोरं आणि माजी विश्वविजेतेही. कार्ड नुकतंच गेलेल्यांना थेट अंतिम टप्प्यात प्रवेश, बाकीच्यांना पहिला टप्पा पार करावा लागतो. अंतिम टप्प्यात ज्या दिवशी जो जिंकेल त्याला त्याच संध्याकाळी कार्ड मिळतं, उरलेली कार्डं सगळ्या दिवसांच्या गुणांवर वाटली जातात.

माजी विश्वविजेते हा शब्द मी मुद्दाम वापरला. रेमंड व्हान बार्नवेल्ड पाच वेळा विश्वविजेता. २०१९ च्या अखेरीस निवृत्त झाला, मग परतावंसं वाटलं. त्याच्यासाठी कोणी मागचं दार उघडलं नाही. २०२१ मध्ये तो इतरांसारखा क्यू स्कूलला गेला, खेळला आणि कार्ड मिळवलं. त्याच मोसमात त्याने हॉलमधली एक स्पर्धाही जिंकली. पाच विश्वविजेतेपदं घेतलेला माणूस नवख्यांच्या रांगेत उभा राहतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, हे दृश्य मला अंतिम सामन्याहून मोठं वाटतं.

दुसरी बाजूही ऐका. रॉब क्रॉस इलेक्ट्रिशियन होता. २०१६ मध्ये तो कार्ड नसलेल्यांच्या चॅलेंज टूरवर खेळत होता. तिथे अव्वल येऊन त्याने २०१७ साठी कार्ड मिळवलं. १ जानेवारी २०१८ ला अली पॅलीवर, म्हणजे अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, सोळा वेळच्या विश्वविजेत्या फिल टेलरच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात, त्याने टेलरला ७-२ हरवलं. त्या रात्री पुष्कळांनी विचारलं, हा आला कुठून? आला कुठून म्हणजे काय? वर्षभर तो हॉलमध्ये पायलीने धान्य भरत होता. आपण तिकडे पाहिलं नाही, एवढंच.

महिला खेळाडूंबद्दल वेगळं बोलायला हवं होतं. लिसा ॲश्टन २०२० मध्ये क्यू स्कूलमधून कार्ड मिळवणारी पहिली महिला ठरली. फॅलन शेरॉकने डिसेंबर २०१९ मध्ये अली पॅलीवर दोन पुरुष खेळाडूंना हरवलं, ते जगभर गाजलं, पण कार्डाचा रस्ता तिच्यासाठी फार अवघड ठरला. गाजणं आणि टिकणं यांतला फरक इथे... पण वेळ थोडा राहिला आहे आणि मला आपल्याकडचं एक सांगायचंच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये नितीन कुमारने रिचर्ड व्हीन्स्ट्राला ३-२ हरवलं. जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढच्या फेरीत स्टीफन बंटिंगने त्याला थांबवलं. मला आनंद झाला, तुम्हालाही झाला असेल. पण त्याआधी अनेकदा आपला खेळाडू तिथे गेला आणि पहिल्या फेरीत हरला, तेव्हा आपण काय म्हटलं? ‘पहिल्याच फेरीत गारद.’ एका ओळीत विषय संपवला. अहो, तो त्या फेरीपर्यंत पोचला कसा, हे कोणी विचारलं का? त्याच्या समोर उभा असलेला माणूस वर्षभर तीस-चाळीस स्पर्धा खेळून आलेला असतो, आणि आपला माणूस देशातल्या पात्रता स्पर्धेतून थेट त्या दिव्यांखाली. एकाच्या कणगीत रोजचं भरणं, दुसऱ्याला वर्षातून एकदाच ओतायची संधी. तरीही लढत पाचव्या सेटपर्यंत नेली आणि जिंकली. या जिंकण्याची किंमत पात्रतेचा रस्ता माहीत असल्याशिवाय कळत नाही. फक्त डार्ट्स नव्हे, कुस्ती घ्या, नेमबाजी घ्या, पात्रता फेऱ्यांच्या बातम्या आपण वाचतच नाही, आणि मग पदक हुकलं की... असो. घड्याळाकडे खूण होते आहे.

तेव्हा शेवटचं आणि कामाचं. येत्या जानेवारीत अंतिम सामना जरूर पाहा. पण तो संपल्यावर टीव्ही बंद करून डिसेंबरपर्यंत खेळ विसरू नका. क्यू स्कूलचे निकाल लागले की नव्याने कार्ड मिळवलेल्यांची नावं वाचा. त्यातलं एक नाव निवडा, तुम्ही कधी ऐकलेलं नसेल असं. मग वर्षभर त्या एकाचेच निकाल पाहत राहा: किती पहिल्या फेऱ्या हरला, पहिला सामना कधी जिंकला, कोणत्या महिन्यात त्याचे पौंड हजारावर गेले. मुलांनाही सोबत घ्या. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर हजर राहणं हा खेळाचाच भाग असतो, हे त्यांना विजेत्याच्या मुलाखतीतून समजणार नाही. या माणसाच्या निकालांतून समजेल. आणि दोन वर्षांनी तो चौसष्टांत राहिला, तर तुम्हाला जो आनंद होईल तो कुठल्याही करंडकाच्या चित्रातून मिळणारा नाही. नाही राहिला, तर तो पुन्हा क्यू स्कूलला जाईल. तेव्हाही त्याचं नाव सोडू नका.