धाव आणि बेअरिंग

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)





घरच्या घरी दुरुस्ती या विषयावर बोला, असे मंडळाने सांगितले तेव्हा आम्हा दोघा भावांना हसूच आले. आमच्या हातून जितक्या वस्तू दुरुस्त झाल्या, त्याहून जास्त बिघडल्या आहेत. आज सांगतो ती एकाच वस्तूची गोष्ट आहे. आधी आम्ही ती बिघडवली, मग दुरुस्त केली.

पण सुरुवात बैलगाडीपासून करावी लागेल. इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल, मृग लागायच्या आधी गाड्यांची चाके लोहाराकडे जायची. उन्हाने लाकूड आकसलेले, आरे खुळखुळणारे, आणि चाकावरची लोखंडी धाव सैल झालेली. लोहार दोरीने चाकाचा घेर घ्यायचा, मग धावेचा घ्यायचा, आणि धाव कापून पुन्हा जोडताना ती मुद्दाम चाकापेक्षा लहान ठेवायचा. लहान कडे मोठ्या चाकावर चढणार कसे, हे आम्हा पोरांना कोडे वाटायचे. गोवऱ्या गोल रचून त्यात धाव ठेवायची आणि पेटवून द्यायचे. लाल झाली की तिघे-चौघे सांडशीने उचलून चाकावर टाकायचे, घणाचे चार ठोके द्यायचे, की लगेच पाणी. वाफ, धूर, जळक्या लाकडाचा वास, आणि त्या गोंधळात आरे करकरत आत रुतल्याचा आवाज. आमचे काम कळशीने पाणी आणायचे. त्याहून जवळ कोणी येऊ देत नसे.

याचा हिशेब पुढे शाळेत कळला. लोखंड १ अंशाने तापले की लांबीच्या १ लाख भागांमागे सुमारे १.२ भाग वाढते. ऐकायला काहीच नाही. पण ४ फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेबारा फूट, आणि धाव ६०० अंशांनी तापली तर ती इंचाहून थोडी अधिकच वाढते. निवताना तेवढीच आकसते आणि चाकाला आवळून धरते. रेल्वे इंजिनांच्या चाकांवर पोलादी धावा चढवल्या जात, त्याही याच रीतीने.

आता आमच्या मोटारीकडे येऊ. बसवकल्याणच्या रस्त्याला तिचे पुढचे चाक घूं घूं करू लागले. वेग वाढला की आवाज वाढे. गाडी डावीकडे वळली की जास्त, उजवीकडे वळली की कमी. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून दोष उजव्या चाकात. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवले तर खुळखुळले. त्या घूंघूंसकट आम्ही आईला डोळे दाखवायला दोनदा बिदरला नेऊन आणले होते. बेअरिंग पार गेले तर ते जाम होते किंवा चाक डगमगू लागते, हे ठाऊक असून नेले. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

पहिल्यांदा काय केले ते लपवत नाही. बेअरिंग ज्या ओतीव भागात बसते त्याला मेकॅनिक नकल म्हणतात. जुने बेअरिंग काढले, नवे नकलवर ठेवले आणि हातोडीने ठोकून बसवले. बसलेही. महिन्याभरात घूं घूं परत. चूक अशी की ठोके पडले आतल्या कड्यावर, आणि घट्ट बसायचे होते बाहेरचे कडे. सगळा मार मधल्या गोळ्यांमधून गेला आणि गोळ्या जिथे फिरतात त्या वाटेवर बारीक खळगे पडले. नवे कोरे बेअरिंग आम्ही बसवता बसवताच मारले होते.

तेव्हा धाव आठवली. मात्र धावेसारखे बेअरिंग आगीत टाकता येत नाही. ते कडक केलेले पोलाद, आत ग्रीस, कडेला रबरी सील. १२० अंशांच्या वर नेले तर नुकसान, आणि थेट ज्योत तर नकोच. म्हणून उलटे करायचे. तापवायचे ते नकल, आणि गार करायचे ते बेअरिंग.

बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी आईने विचारले, "हे कुलूप कोणी ठेवलंय माझ्या फ्रीजरमध्ये?" नकलचे सगळे रबरी भाग काढून ते घासून धुतले आणि चुलीवर हंड्यात उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवले. गॅसच्या ज्योतीपेक्षा पाणी बरे, कारण ते कितीही उकळले तरी ठरावीक तापमानापुढे जात नाही. आपल्या पठाराच्या उंचीवर तर ९८ अंशांच्या आसपासच थांबते. तापमापक नसला तरी चालतो.

आकडे बघा. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६४ मिलिमीटर. खोलीत २८ अंश, फ्रीजरमध्ये उणे १८. तेवढ्याने ते मिलिमीटरच्या साडेतीन शतांशाने आकसते. नकलचे भोक ७० अंशांनी तापून जवळजवळ साडेपाच शतांश मोठे होते. दोन्ही मिळून ९ शतांश, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढे. दाटून बसवायला ठेवलेला फरक सहसा याहून कमीच असतो.

हातमोजे घालून नकल बाहेर काढले, भोक पुसले, बेअरिंगवरचे दव फडक्याने टिपले आणि सरळ धरून सोडले. आपल्या वजनाने पाऊण खाली गेले. पुढे अडले. गरम भागाने गार भाग पकडायला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून धांदल केली तर वाकडे बसते आणि उशीर केला तर अडते. इथे जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे कामी आले. त्याची कड जरा घासून ठेवली होती. ते वर ठेवून, मोठा बोल्ट आणि जाड वॉशर लावून, फक्त बाहेरच्या कड्यावर दाब देत नट आवळला. शेवटची अडकण निघाली. मग लॉक रिंग. हब बसवायच्या वेळी तो फ्रीजरमधून काढला आणि आतल्या कड्याला पाइपाचा आधार देऊन ओढून घेतला, म्हणजे दाब पुन्हा गोळ्यांवर जायला नको.

एक सांगायचे राहिले. मधला नट नवा लावा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ताकदीनेच आवळा, आणि तो आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर येऊ देऊ नका. आमच्याकडे टॉर्क पाना नव्हता, तो मागून आणला. तो मिळणार नसेल तर हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये जावे, त्यात कमीपणा नाही. आता बऱ्याच गाड्यांत बेअरिंग आणि हब एकच नग असतो आणि चार बोल्टांवर बसतो. त्यांना चूलही नको, फ्रीजरही नको.

दुसऱ्या फेरीला आईच पुढच्या सीटवर बसली. बिदरपर्यंत रेडिओ बंद ठेवून आम्ही नुसते चाकाकडे कान लावून बसलो होतो. आई म्हणाली, "एवढे गप्प का रे दोघं?"

बाजूच्या टेबलावर दोन बेअरिंगे ठेवली आहेत. लाल दोरा बांधलेले ते आम्ही ठोकून बसवलेले, आणि दुसरे दुकानातले कोरे. आरती झाल्यावर दोन्ही हातात घेऊन हळू फिरवून बघा. लाल दोऱ्याचे बोटांना खरखरीत लागेल. लहान मुलांनाही फिरवू द्या, फक्त दोरा सोडू नका. एकदा सुटला होता, आणि कोणते कोणते हे कळायला आम्हालाच वेळ लागला.