गनबो स्ट्रीट : एका नांवामागील घराणें

(महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आपण पूर्वजांचीं नांवें आदरानें घेतों. परंतु नांव राहणें व ओळख राहणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या एका रस्त्याच्या उदाहरणावरून हें आपणांपुढें मांडण्याची माझी इच्छा आहे.

मुंबईच्या कोटांत, म्हणजे आजच्या फोर्ट भागांत, गनबो स्ट्रीट या नांवाचा एक जुना रस्ता आहे. आज त्याचें अधिकृत नांव रुस्तम सिधवा मार्ग असें आहे. इंग्रजींत ‘गन’ म्हणजे तोफ. तेव्हां कोटाच्या रक्षणार्थ ठेवलेल्या तोफांवरून हें नांव पडलें असावें, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः तोफांचा येथें कांहीं संबंध नाहीं. हें नांव गणबाशेट या गृहस्थांचें होय. इंग्रजांच्या उच्चारांत गणबाचा ‘गनबो’ झाला, इतकेंच.

गणबाशेटांचें घराणें दैवज्ञ मुरकुट्यांचें. अठराव्या शतकांत तें कोंकणांतून मुंबईस आलें व व्यापारांत प्रतिष्ठा पावलें. गणबाशेटांचे पुत्र बाबुलशेट, बाबुलशेटांचे शंकरशेट, आणि शंकरशेटांचे पुत्र जगन्नाथ. हेच आपणां सर्वांस ठाऊक असलेले नाना शंकरशेट. त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजीं झाला. मुलींच्या शाळेस त्यांनीं आपली जागा दिली. १८५२ सालीं बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेंत ते अग्रेसर होते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी धांवली, तिच्यामागील खटपटींतही त्यांचा मोठा वाटा होता. १८६२ सालीं ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. ३१ जुलै १८६५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आतां विचार करा. पणतूचें नांव गिरगांवच्या मोठ्या रस्त्यास आहे, नाना चौकास आहे. परंतु त्याच्या पणजोबांचें नांव लोकांनीं तोफेचें मानलें! घराण्याचें मुरकुटे हें आडनांवही मागें पडलें, व पित्याचें नांवच आडनांवाप्रमाणें रूढ झालें. असें कां व्हावें? रस्त्याची पाटी परक्यांच्या उच्चाराप्रमाणें लिहिली गेली, आणि तिचा खरा अर्थ सांगणारीं माणसें पिढीगणिक कमी होत गेलीं. शब्द टिकला, माणूस मात्र विस्मृतींत गेला.

आपल्या गांवांतील आळ्यांस, विहिरींस व वाड्यांस जीं नांवें आहेत, त्यांची गतही उद्यां अशीच होऊं शकेल. म्हणून माझी तरुणांस विनंती आहे कीं, आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसांपाशीं बसून आपल्या आळीचें नांव कोणावरून पडलें हें विचारून घ्या. त्या माणसाचें, त्याच्या बापाचें व आज्याचें नांव, मूळ गांव, धंदा, हें सर्व सालासह आपल्या भाषेंत लिहून ठेवा. पाटी लावण्याचें काम नगरपालिकेचें असेल. तिच्यावरील माणसाची ओळख राखण्याचें काम मात्र आपलेंच आहे.